हजर व्यक्ती : दोन

१

माझं काम दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढण्याचं.

लोक भांडतात, त्यातलं कुणीतरी ते भांडण गुपचूप फोनमध्ये धरून ठेवतं, प्रकरण कोर्टात जातं आणि मग ते बोलणं माझ्या टेबलावर येतं. मी ते ऐकते आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवते. आमच्या ऑफिसात त्याला 'उतारा' म्हणतात. टेबलाखाली एक पेडल आहे. टाच दाबली की रेकॉर्डिंग चार सेकंद मागे जातं. दोन वर्षांत इतकी सवय झाली आहे की रस्त्यात दोन माणसं तावातावाने बोलायला लागली, की माझी टाच आपोआप जमिनीत रुतते.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत कारकूनकाका, मधल्या खोलीत वकीलबाई, आतल्या खोलीत मी. माझ्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे जुन्या फायलींची कपाटं होती. ती हलवली तरी भिंतीवर त्यांच्या उंचीचे फिकट चौकोन राहिले आहेत. बाहेरचा आवाज येत नाही म्हणून ती खोली मला मिळाली. दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला उगाच शोधायला नको. स्टेपलर वाजला तरी मी दचकते. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'दचकी' ठेवलं. "दचके, मी येतोय हं, बूट वाजवत येतोय," असं ओरडत ते चहा घेऊन येतात आणि तरीही मी दचकतेच. पदवीला माझा विषय तर्कशास्त्र होता, यावर तर ते आजतागायत हसतात. "तर्क शिकली आणि स्टेपलरला घाबरते! फी परत माग."

वकीलबाईंनी पहिल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, बोलणाऱ्यांपैकी एकाने रेकॉर्ड केलं, तर तो पुरावा. बोलण्यात नसलेल्या तिसऱ्याने केलं, तर ती चोरी. आपलं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून उताऱ्यात सगळ्यात वर काय लिहायचं? हजर व्यक्ती किती. त्यानंतर एकेक आवाज, नंबर घालून. खोकला, खुर्ची, भांडं, जे ऐकू येईल ते सगळं कंसात."

आणि सगळ्यात खाली दाखला असतो. 'ऐकू आले ते सर्व लिहिले आहे. काही वगळलेले नाही, काही घातलेले नाही.' त्याखाली सही माझी.

२

सोमवारी नर्सताई आल्या. दवाखान्यातून थेट आल्या होत्या, पायात ड्युटीचे पांढरे बूट तसेच होते. खुर्चीत बसल्या, पण पाठ टेकवली नाही.

"किती मिनिटांचं आहे?" मी विचारलं.

"साडेअकरा."

"फोन कुठे ठेवला होता?"

"ओट्यावर. चहाच्या डब्यामागे उभा करून."

"घरात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही हो. आम्ही दोघंच. दार मीच लावलं, कडीसुद्धा घातली. म्हटलं मध्येच कुणी यायला नको."

"आणि मुलगी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी जीभ चावावीशी वाटली. "ती घरात असती, तर मी इथे कशाला आले असते?"

त्यांची मुलगी सहा वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याने तिला परस्पर शाळेतून उचललं आणि आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. कोर्टात मात्र सांगितलं, की आईनेच तिला आपणहून सोपवलं, नोकरीपायी तिला मूल जड झालंय. शाळेच्या वहीत नेणाऱ्याची सही नव्हती. साक्षीला कुणी नव्हतं. होतं ते एवढंच : ओट्याशी उभं राहून त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली.

नर्सताई गेल्यावर वकीलबाई माझ्या दारात येऊन थांबल्या. "गुरुवारी तारीख आहे. हे रेकॉर्डिंग उभं राहिलं तर पोरगी त्याच दिवशी आईकडे. नाही राहिलं, तर पुढची तारीख चार महिन्यांनी. सहा वर्षांच्या मुलीला चार महिने म्हणजे किती, कळतंय ना तुला?"

"हो बाई."

"मग स्वच्छ काम कर."

३

दुपारी अडीचला मी दार लावलं, हेडफोन चढवला.

आधी फोन टेकवल्याचा खडखडाट. डबा सरकला. कुठेतरी नळ ठिबकत होता. फ्रिजची घरघर. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. आवाज १ म्हणजे नर्सताई, हळू, जपून. आवाज २ नवरा.

"कुठे आहे ती, एवढं तरी सांग."

"आहे तिथे सुखात आहे."

"मी फोन करते तर तुझी बहीण उचलत नाही."

"का उचलेल? तिला काही कामं नाहीत? दिवसभर काय तुझे फोन घेत बसेल?"

अशी दोन मिनिटं गेली. माझी बोटं चालत होती, डोकं चहाकडे लागलं होतं. दोन मिनिटं चौदा सेकंदांवर दोघंही एकदम बोलायला लागली. त्या म्हणत होत्या, "शाळेतून तू तिला न सांगता," आणि तो त्यांच्यावर चढून ओरडत होता, "हो, नेली! मीच नेली! काय करशील?" आणि त्या दोन्ही आवाजांच्या खाली, अगदी शांतपणे, कुणीतरी म्हणालं :

"हं."

मी टाच दाबली. चार सेकंद मागे. पुन्हा "हं."

तो होकार नव्हता, नकारही नव्हता. गोष्ट ऐकणारं माणूस सांगणाऱ्याला देतं ना, पुढे सांग, ऐकतोय मी, असा हुंकार होता तो. बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना.

बसल्या बसल्या मी तर्क लावले. नवऱ्याचा? तो त्याच क्षणी ओरडत होता. ताईंचा? त्याही बोलत होत्या. एका तोंडातून एका वेळी दोन आवाज निघत नाहीत. शेजारचा टीव्ही? टीव्ही कुणाच्या बोलण्याला हुंकार देत नाही. नळाची पाइप? पाइप गुरगुरते, पण तिला पुढचं ऐकायची उत्सुकता नसते.

मी सुरुवातीपासून पुन्हा ऐकलं, या वेळी बोलणं सोडून फक्त तेवढंच. साडेअकरा मिनिटांत एकोणीस वेळा.

शेवटचा हुंकार रेकॉर्डिंग संपता संपता होता. नवरा दार आपटून गेलेला. ताई ओट्याकडे येतात, पावलं जवळ येतात, त्यांचा श्वास जवळ येतो, डबा सरकतो. आता त्यांचा हात फोनवर पडणार. आणि तेवढ्यात "हं", त्यांच्या श्वासापेक्षाही जवळून. म्हणजे त्या आणि फोन यांच्या मधून.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची भिंतीला लावून बसले.

४

"काका, जरा कान द्या ना इकडे."

"माझे कान कशाला? तुझे काय भाड्याने दिलेस?" असं म्हणत काकांनी हेडफोन लावला. मी त्यांना ती दोन मिनिटं चौदा सेकंदांवरची जागा ऐकवली. काही सांगितलं नाही. मनातून मला वाटत होतं, त्यांनी म्हणावं, काही नाही गं दचके, तुझ्या डोक्यातलं आहे ते. दोन वर्षांत माझ्या किती भीतींना त्यांनी असं एका वाक्यात घरी पाठवलं होतं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा तिसरा कोण कान लावून बसलाय?"

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"अगं, असेल कुणीतरी म्हातारं माणूस घरात. कोपऱ्यात बसलेलं. माझी सासू असंच करायची. भांडण कुणाचंही असो, हुंकार तिचा." काका हसले, पण हेडफोन त्यांनी नेहमीसारखा गळ्यात न अडकवता लगेच टेबलावर ठेवला, आणि ठेवल्यावर हाताचा पंजा पँटला पुसला.

वकीलबाईंनी उभ्या उभ्याच ऐकलं. तीनदा ऐकलं. बोलल्या तेव्हा आवाज वकिलाचा होता. "समोरचे वकील हे ऐकतील तर पहिला प्रश्न काय विचारतील? फोन कोणी ठेवला? बाईंनी, की या तिसऱ्याने? तिसऱ्याने ठेवला असेल, तर ते चोरून केलेलं रेकॉर्डिंग. बाद. आणि दोघंच होतो असं आपल्या अशिलाने शपथेवर सांगितलंय, म्हणजे ती खोटारडी. तेही गेलं."

"पण बाई, तिसरं कुणी नव्हतं असं त्या म्हणतात."

"मग हे कोण आहे?"

त्यांनी हे माझ्यावर चिडून विचारलं, पण मला ते तसं ऐकू आलं नाही. मला वाटलं, त्या खरंच विचारताहेत.

५

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नर्सताईंना बोलावलं. माझ्या खोलीत दोन खुर्च्या कशाबशा मावतात. आमचे गुडघे एकमेकींना लागत होते. मी त्यांना हेडफोन दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दुसऱ्याचा चेहरा बघत ऐकणं मला नवीन होतं.

पहिल्या हुंकाराला त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्यालाही नाही. सहाव्या-सातव्याला त्यांनी डोळे मिटले. शेवटच्या वेळी मात्र त्यांचा हात फोन उचलायला निघावा तसा हवेत निघाला आणि तिथेच राहिला.

"कोण होतं ताई?"

"कुणी नव्हतं."

"कुणी पाहुणं? सासरचं कुणी?"

"माझ्या मुलीची शपथ, कुणी नव्हतं." मग त्यांनी हेडफोन कानावरून काढला. हेडफोन मांडीवर घेऊन त्याची वायर सरळ करत राहिल्या. "एक सांगू? हसू नका. मी त्याच्यापुढे कधी तोंड उघडत नाही. नऊ वर्षांत उघडलं नाही. त्या दिवशी कसं बोलले, माझं मलाच कळत नव्हतं. मला सारखं वाटत होतं, की कुणीतरी माझं ऐकतंय. म्हणूनच धीर आला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांना तो दिसला असावा, कारण त्या पुढे सरकल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. रोज नाडी बघणारा हात, नेमका जागेवर.

"तुम्ही ते लिहिणार?"

"मला लिहावंच लागतं ताई. खाली दाखला असतो."

"एक 'हं' हो. एवढंसं. त्यात एक शब्दसुद्धा नाही. त्या 'हं'पायी माझी पोर चार महिने त्या बाईकडे राहील. रात्री ती उजव्या कुशीवर झोपली की तिला खोकला येतो. तिथे कोण तिची कूस बदलणार?"

मी वकीलबाईंकडे गेले. त्या फायलीतून मान वर न करता म्हणाल्या, "काय लिहायचं ते मी तुला सांगणार नाही. मी सांगितलं तर तो माझा गुन्हा होईल. सही तुझी आहे."

६

तर्क सांगत होता, आधी यंत्र तपास. कदाचित दोष हेडफोनमध्ये असेल, किंवा जुन्या कुठल्या रेकॉर्डिंगचा तुकडा यात मिसळला असेल. म्हणून मी मागच्या वर्षीची एक फाइल काढली. घरमालकीण आणि भाडेकरू, जिन्यात उभं राहून बोलताहेत. उतारा मीच काढलेला, निकालही लागून गेलेला.

चाळीस सेकंदांवर "हं."

मी छापील उतारा उघडला. तिथे मी लिहिलेलं होतं : 'आवाज २ : हं.'

इथे आमच्या कामातली एक सवय सांगायला हवी. बोलताना समोरचं माणूस हं, अच्छा, बरं करतच असतं. ते कुणाचं, हे आम्ही ऐकून ठरवत नाही. पहिला बोलतोय ना, मग 'हं' दुसऱ्याचं. दुसरा बोलतोय, मग पहिल्याचं. कुणी शिकवलेलं नसतं, बोटांना लागलेलं असतं. सोमवारी दोघं एकाच वेळी ओरडली नसती, तर मी तो हुंकारही बेलाशक कुणाच्या तरी नावावर टाकला असता.

घरमालकीण जड, घोगऱ्या आवाजाची. भाडेकरू तरुण मुलगा, नाकात बोलणारा. हुंकार दोघांचाही नव्हता.

मी आणखी एक फाइल काढली. मुख्याध्यापिका आणि एक शिक्षक, शाळेच्या ऑफिसात. मग दोन भाऊ, बंद गाडीत, काचा वर. मग एक सासरा आणि सून. सगळीकडे तोच. तोच शांत, मन लावून ऐकणारा हुंकार. दोन वर्षं मी एकाच कुणाचा तरी आवाज शेकडो माणसांच्या नावावर लिहीत आले होते आणि खाली सही करत आले होते.

मी तारखा लावून बसले. सगळ्यात जुन्या उताऱ्यात तो पलीकडच्या खोलीतून यावा तसा पुसट होता. वर्षापूर्वीच्यात दाराशी. मागच्या महिन्यात उतरवलेल्या दोन भावांच्या भांडणात, मागच्या सीटवर. मला वाटलं, काळ जातोय तसं ते जवळ येतंय. मग माझं लक्ष गेलं. भावांचं ते रेकॉर्डिंग चार वर्षांपूर्वीचं होतं. ते सगळ्यांत आधी रेकॉर्ड झालं होतं. माझ्याकडे फक्त उशिरा आलं.

रेकॉर्ड केव्हा झालं, याच्याशी त्या जवळ येण्याचा काही संबंध नव्हता. मी केव्हा ऐकलं, याच्याशी होता.

त्या दिवशी मी दार उघडं ठेवून काम केलं. काकांनी विचारलं, "काय गं, गरम होतंय?" मी हो म्हटलं.

७

बुधवारी दुपारी मी आईला फोन केला, आणि फोन लावण्याआधी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

आईला विचारलं नाही. बोलणाऱ्यांपैकी मी एक होते, त्यामुळे कायद्याने यात काही गैर नव्हतं, असं मी मनाशी दोनदा म्हटलं. मला फक्त एक साधं, आमचं बोलणं हवं होतं, ज्यात फक्त आम्ही दोघी असू. ते ऐकलं असतं, त्यात काही सापडलं नसतं, तर मी उताऱ्यावर शांतपणे सही केली असती. खोलीचं दार मी लावून घेतलं, कारण प्रयोग करायचा तर नीट करावा.

"आज काय दिवसाढवळ्या आठवण झाली?" आई म्हणाली. "नोकरीवरून काढलं की काय?"

"नाही गं. सहज."

"सहज म्हणे. सहज तू कधी फोन केलास? जेवलीस का? आवाज का असा येतोय?"

मी जेवले म्हटलं. ती शेजारणीच्या सुनेबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली. मग थांबली. "एक सांगते, पण तुझ्या ताईला सांगू नकोस. ती लगेच डॉक्टरांचं काढेल. परवा मी भाजी घेऊन येत होते आणि कोपऱ्यावर येऊन उभी राहिले. घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना. बराच वेळ उभी होते गं. मग एका बाईने विचारलं, आजी कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, हो, मुलगी यायची आहे."

मी काहीच बोलू शकले नाही. आईच पुढे बोलत राहिली, भीती कशी वाटली, मग आपोआप कसं आठवलं. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होत गेला.

"हुश्श. सांगून टाकलं बाई. कुणाला तरी सांगायचंच होतं." मग ती हसली. "कोण गं आहे तुझ्याजवळ?"

"कुठे? कुणी नाही."

"असं कसं? मघापासून हं हं करतंय. तू मुखदुर्बळ, तुझ्याकडून तर एक शब्द नाही. कुणी मैत्रीण आहे का? बाई की पुरुष, तेवढं कळत नाही. पण ऐकतं हो मन लावून. तिला म्हणावं, बरं वाटलं."

खोलीत मी होते. टेबल, संगणक, दोन खुर्च्या. भिंतीवरचे फिकट चौकोन. मला काहीच ऐकू येत नव्हतं, माझं स्वतःचं गिळणंसुद्धा नाही.

"आई, तू आता फोन ठेव."

"अगं, पण,"

"ठेव म्हणते ना!"

ते रेकॉर्डिंग मी ऐकलं नाही. पुसून टाकलं. मग नर्सताईंचा उतारा उघडला आणि एकोणीस हुंकारांपैकी सतरा नेहमीच्या सवयीने वाटून टाकले. ती बोलतेय तिथे त्याचे, तो बोलतोय तिथे तिचे. दोघं एकदम बोलत होती तिथला एक आणि नवरा गेल्यावरचा शेवटचा, असे दोन उरले. ते सोडून दिले. वर लिहिलं, 'हजर व्यक्ती : दोन'. खाली सही केली. मला त्या मुलीची कूस दिसत होती. आणि खरं सांगायचं तर, ते लिहिले असते तर त्या आवाजाला नंबर द्यावा लागला असता. आवाज ३. ते माझ्याने झालं नसतं.

८

कोर्टाची खोली मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली. घरगुती प्रकरण म्हणून दार बंद करून चालवलं. न्यायाधीशबाई, दोन वकील, नवराबायको, काका, मी आणि कोपऱ्यात कोर्टाची टंकलेखिका. ती माझ्याच वयाची असावी. कानाला हेडफोन, मान एका बाजूला कललेली.

आवाजावरून नवरा मला दांडगट वाटला होता. होता किडकिडीत, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेला. दाराला वर एक काच होती. त्यातून बाहेरचं बाक दिसत होतं, आणि बाकावर आत्याशेजारी ती मुलगी. पाय जमिनीला टेकत नव्हते. एक मोजा खाली घसरलेला. नर्सताई त्या काचेकडे बघत होत्या आणि पुन्हा पुन्हा हात मांडीवर दाबून धरत होत्या, मोजा वर ओढायला तो हातच उठून जाईल की काय, अशा.

आधी रेकॉर्डिंग लावलं. एकोणीस जागा मला पाठ होत्या. दोन मिनिटं चौदा सेकंद जवळ आले तसं मी टेबलाची कड धरली. ते दोघं ओरडले. खाली फक्त फ्रिजची घरघर होती. दुसऱ्या जागी नळ. तिसऱ्या जागी काहीच नाही. शेवटी डबा सरकला, श्वास जवळ आला, आणि रेकॉर्डिंग संपलं.

काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. सुटलीस, असं त्यात होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी विचार करत होते, ते यात नाही, तर मग कुठे आहे?

मला पिंजऱ्यात उभं केलं. तोंडासमोर वीतभर अंतरावर माइक होता. त्याचा स्पीकर समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या वर. मी नाव सांगितलं ते तिकडून, थोड्या जाड आवाजात ऐकू आलं.

समोरचे वकील अदबीने बोलणारे होते. "उताऱ्यावर सही तुमचीच ना?"

"हो."

"त्याच्या वरची ओळ वाचता का?"

मी वाचली. काही वगळलेले नाही, काही घातलेले नाही.

"आणि सुरुवातीला तुम्ही लिहिलंय, हजर व्यक्ती दोन. हे तुम्हाला बाईंनी सांगितलं?"

"हो."

"बाई काय सांगतात ते सोडा. तुम्ही ही साडेअकरा मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकलीत. कान हाच तुमचा धंदा. त्या खोलीत तिसरं कुणी असल्याचं तुम्हाला एकदा तरी ऐकू आलं का? हो की नाही, एवढंच सांगा."

नर्सताईंनी काचेवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"नाही," स्पीकर म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं. वकिलांनी मान हलवली, मला आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं आणि फायलीची नाडी बांधायला घेतली. वकीलबाईंनी नर्सताईंच्या खांद्यावर हात ठेवला. न्यायाधीशबाई पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "मुलीला आत आणायला सांगा." शिपाई दाराकडे निघाला. झालं होतं. एवढंच करायचं होतं मला, आणि ते झालं होतं.

'नाही' म्हटल्यापासून मी श्वास रोखून धरला होता. छातीत दुखायला लागलं होतं, पण सोडवत नव्हता.

तेव्हा घड्याळाच्या वरच्या स्पीकरमधून श्वास ऐकू आला.

मी दोन वर्षं माणसांचे श्वास ऐकले आहेत. रडणारा तुटक घेतो. दमलेल्याचा सोडताना वाजतो. हा त्यातला नव्हता. हा हळूच, तोंडाने, आत घेतलेला, खोल, आणखी खोल. इतके दिवस नुसतं ऐकून घेतलेलं माणूस आता आपलं सांगायला लागणार, त्याआधी घेतं तसा.

वकिलांचा हात नाडीवर थांबला. नर्सताई अर्ध्या उठल्या होत्या. दाराच्या मुठीवर शिपायाचा हात होता आणि काचेतून मुलीचं डोकं बाकावरून खाली उतरताना दिसलं.

कोपऱ्यातल्या टंकलेखिकेने दोन्ही हात कीबोर्डवर धरले. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या जरा डावीकडे, माझ्या कानाच्या उंचीवर बघत होती. आणि समोरच्याने सुरुवात करावी म्हणून आम्ही थांबतो, तशी अदबीने थांबली होती.